दोर तुटला तरी लिफ्ट का पडत नाही? एलिशा ओटिसची गोष्ट

लिफ्टचं दार लागलं की आधी मोबाइलचं नेटवर्क जातं. मग नजर इकडेतिकडे फिरते आणि बऱ्याच लिफ्टमध्ये एक नाव दिसतं, ओटिस. हे आज कंपनीचं नाव असलं, तरी आधी ते एका माणसाचं आडनाव होतं. एलिशा ग्रेव्ह्स ओटिस. लिफ्टचा शोध त्याने लावला असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं. ते खरं नाही. दोर आणि कप्पीने माल वर चढवायची सोय त्याच्या कितीतरी आधीपासून होती. अडचण दोराचीच होती. तो तुटला की पाळणा सरळ खाली, माल आणि माणसांसकट.

एलिशाचा जन्म १८११ चा, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, शेतकऱ्याच्या घरी. हातात कसब होतं, पण धंद्यात नशिबाने कधी धड साथ दिली नाही. मालाच्या घोडागाड्या हाकल्या, गाड्या बनवल्या. पिठाची गिरणी टाकली, ती चालेना म्हणून लाकूड कापायची गिरणी केली. ऑल्बनी शहरात पलंगाच्या पट्ट्या बनवणारं यंत्र तयार केलं, ते हातकामाच्या चौपट वेगाने चालायचं. मग ओढ्याच्या पाण्यावर चालणारा स्वतःचा कारखाना काढला. झालं काय, तर शहराने तो ओढा पाणीपुरवठ्यासाठी वळवला आणि कारखाना बसला.

चाळिशी ओलांडल्यावर, १८५२ मध्ये, तो न्यूयॉर्कजवळच्या याँकर्सला पलंगाच्या कारखान्यात कामाला आला. तिथे जड सामान वरच्या मजल्यावर न्यायचं होतं. एलिशाने पाळण्याच्या माथ्यावर गाडीचा पोलादी पाटा बसवला, ट्रकखाली दिसतो ना, तसा. दोर त्या पाट्याच्या मध्याला बांधला. वजनाच्या ताणाने पाटा वाकलेला राहतो आणि त्याची टोकं आत ओढलेली राहतात. दोर तुटला की ताण गेला, पाटा सरळ झाला आणि टोकं दोन्ही बाजूंच्या दातेरी पट्ट्यांत जाऊन अडकली. पाळणा जागच्या जागी. ब्रेक लावायला कोणी माणूस लागतच नाही. दोर ब्रेकला फक्त मोकळा धरून ठेवतो. सगळी हुशारी इथे आहे.

तरी गिऱ्हाईक येईना. मग १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेस प्रदर्शनात तो स्वतः पाळण्यावर उंच उभा राहिला आणि गर्दीसमोर दोर कापायला लावला. पाळणा किंचित घसरला आणि थांबला. १८५७ च्या मार्चमध्ये ब्रॉडवेवरच्या पाच मजली दुकानात त्याची माणसांसाठीची लिफ्ट सुरू झाली, वाफेच्या इंजिनावर चालणारी. वेग मिनिटाला साधारण १२ मीटर. चार वर्षांनी, १८६१ मध्ये, घटसर्पाने तो गेला. वय फक्त ४९. धंदा पुढे चार्ल्स आणि नॉर्टन या मुलांनी वाढवला. विजेवर चालणारी लिफ्ट त्याने पाहिलीच नाही.

त्याच्या रचनेत एक उणीव होती. दोर शाबूत असेल आणि पाळणा भलत्याच वेगाने उतरू लागला, तर पाटा वाकलेलाच राहणार. म्हणून पुढे गव्हर्नर आला. तो वेगावर नजर ठेवतो आणि मर्यादा ओलांडली की ब्रेकचे जबडे रुळांवर आवळायला लावतो.

एलिशाची युक्ती मात्र आज लिफ्टच्या वायरिंगमध्ये शिरली आहे. मोटरचा ब्रेक स्प्रिंगने आवळलेला असतो, वीज त्याला उघडा धरते. वीज गेली की ब्रेक आपोआप लागतो. दारांच्या स्विचचंही तसंच. ते सगळे एकाच माळेत जोडलेले असतात, एकही उघडा राहिला तर लिफ्ट चालत नाही. मुंबईच्या जुन्या इमारतींतलं जाळीचं दार नीट लागलं नाही की लिफ्ट हलत नाही, ते यामुळेच. काही ठिकाणी लिफ्ट सारखी बंद पडते म्हणून त्या स्विचवर वायरचा तुकडा टाकून काम भागवतात. माझ्या मते हा सरळ जिवाशी खेळ आहे, कारण मग दार सताड उघडं असतानाही लिफ्ट चालू शकते.

आणि वीज गेल्यावर तुम्ही दोन मजल्यांच्या मध्ये अडकलात, तर लिफ्ट पडेल या भीतीने दार फाकवून उडी मारू नका. पाळणा ब्रेकने धरलेला असतो. बाहेर पडताना पाय घसरून पाळण्याखालच्या मोकळ्या विहिरीत जाण्याचा धोका मोठा. अलार्मचं बटण दाबा आणि आतच थांबा.