बिनतारी विद्येचा मानी उपासक : जगदीशचंद्र बोस

लॅपटॉप वाय-फायला जोडणे ही आज आपल्या सर्वांच्या अंगवळणी पडलेली गोष्ट आहे. पडद्याच्या कोपऱ्यातील खुणेवर टिचकी मारावी, यादीतील नाव निवडावे, पासवर्ड घालावा, की काम झाले. परंतु थोडे आत शिरून सेटिंग पाहिले तर तेथे आणखी एक निवड करावयाची असते : 2.4 गिगाहर्ट्झ की 5 गिगाहर्ट्झ? वसतिगृहात राहणाऱ्यांना हा प्रश्न नेहमीचाच. राऊटरजवळच्या खोलीतील मुले 5 निवडतात, कारण त्यात वेग अधिक. दोन भिंतींपलीकडे राहणाऱ्यांना 2.4 वरच समाधान मानावे लागते, कारण साधारणपणे लहर जितकी आखूड तितकी ती भिंतीत अधिक जिरते. 2.4 गिगाहर्ट्झची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटरांची, तर 5 गिगाहर्ट्झची सुमारे सहा सेंटिमीटरांची. याच कुळातील 60 गिगाहर्ट्झची लहर तर अवघी पाच मिलिमीटरांची. ती भिंत ओलांडत नाही, पण एका खोलीत प्रचंड वेगाने माहिती वाहून नेते. वाय-फायसाठी तिचा वापर कसा करावा याचे प्रमाण 2012 साली प्रसिद्ध झाले.

मित्रहो, या पाच मिलिमीटरांच्या लहरीवर एका भारतीय प्राध्यापकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्यात प्रयोग केले होते. त्यांचे नाव जगदीशचंद्र बोस. झाडांना संवेदना असते असे सांगणारे शास्त्रज्ञ म्हणून शाळेच्या पुस्तकात आपण त्यांना भेटलेलो असतो. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. पदार्थविज्ञानावर अधिकाराने बोलणे मला शक्य नाही. पण पैसा आणि मोबदला हा आमच्या शाखेचा विषय, आणि त्या दृष्टीने या माणसाचे चरित्र मला फार विचार करावयास लावते.

जगदीशचंद्रांचा जन्म 30 नोव्हेंबर 1858 रोजी आज बांगलादेशात असलेल्या भागात झाला. वडील भगवानचंद्र हे सरकारी अधिकारी आणि ब्राह्मो समाजाचे अनुयायी होते. त्या काळी अधिकाऱ्यांची मुले इंग्रजी शाळेत जात. भगवानचंद्रांनी मात्र मुलाला आधी बंगाली पाठशाळेत घातले. माणसाने प्रथम आपली भाषा आणि आपली माणसे ओळखावीत असे त्यांचे मत होते. वर्गात कोळ्याचा मुलगा आणि वडिलांच्या मुसलमान चपराशाचा मुलगा जगदीशचंद्रांच्या शेजारी बसत. घरी मराठी, बाजारात कन्नड आणि कॉलेजात इंग्रजी अशा तिहेरी व्यवहारात वाढलेल्या, मराठी शाळेतून आलेल्या माझ्यासारख्याला ही हकीकत वाचून धीर येतो.

पुढे कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजात फादर लाफों यांनी त्यांना पदार्थविज्ञानाची गोडी लावली. 1880 साली ते इंग्लंडला गेले ते वैद्यकी शिकण्यासाठी. पण प्रकृतीने साथ दिली नाही. मग केंब्रिजला जाऊन त्यांनी विज्ञानाचा अभ्यास केला. तेथे लॉर्ड रॅले यांच्यासारखे गुरू लाभले. 1885 साली परत आल्यावर कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांची नेमणूक झाली.

येथे त्यांच्या आयुष्यातील पहिला मोठा हिशेब उभा राहिला. एकाच कामासाठी हिंदी प्राध्यापकाला गोऱ्या प्राध्यापकाच्या दोन तृतीयांश पगार देण्याची तेव्हा पद्धत होती, आणि जगदीशचंद्रांची नेमणूक हंगामी असल्याने त्यांच्या वाट्याला त्याहूनही कमी आले. त्यांनी भांडण केले नाही, राजीनामाही दिला नाही. ते रोज शिकवीत राहिले, पण पगाराला हात लावला नाही. असे तीन वर्षे चालले. वडिलांचे उद्योग बुडालेले, डोक्यावर कर्ज, 1887 साली अबलादेवींशी विवाह होऊन नवा संसार मांडलेला, अशा ओढगस्तीत हा निग्रह टिकला. अखेर सरकारने त्यांना पूर्ण पगार दिला, तोही मागील तारखेपासून. वडिलांचे कर्जही त्यांनी पुढे फेडले.

1894 च्या सुमारास ते बिनतारी लहरींकडे वळले. या लहरी जर्मनीत हर्ट्झ यांनी प्रत्यक्ष दाखवून दिल्या होत्या, पण त्या लांब होत्या. प्रकाशाप्रमाणे त्या वाकतात, परावर्तित होतात हे पाहण्यासाठी अवाढव्य उपकरणे लागत. लहरच आखूड केली तर उपकरणही टेबलावर मावेल, हे जगदीशचंद्रांनी ओळखले. कॉलेजात प्रयोगशाळा नव्हती. एका लहानशा खोलीत, स्थानिक कारागिराच्या मदतीने आणि बरेचसे स्वतःच्या खर्चाने, त्यांनी सर्व सामग्री घडविली. या लहरींची कंपनदिशा निवडण्यासाठी त्यांनी रेल्वेच्या वेळापत्रकाच्या जाडजूड पुस्तकात पानापानांमध्ये कथलाचे वर्ख घातले. लहरीची कंपनदिशा फिरविण्यासाठी बंगालच्या तागाचे पिळलेले धागे वापरले. पैशांच्या तुटवड्याने त्यांची कल्पकता अडली नाही.

1895 साली कलकत्त्यात त्यांनी जाहीर प्रयोग केला. एका खोलीतून निघालेल्या लहरी मधल्या भिंती पार करून सुमारे 75 फुटांवरील खोलीत पोचल्या. तेथे घंटा वाजली आणि बंदुकीच्या दारूचा लहानसा स्फोट झाला. जानेवारी 1897 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी आपली उपकरणे विद्वानांसमोर मांडली, आणि त्यांची रचना कोणापासूनही लपविली नाही.

आता दुसरा हिशेब. 1901 साली ते पुन्हा लंडनमध्ये असताना एका तार कंपनीचा मालक पेटंटचा अर्ज घेऊन त्यांच्याकडे आला. नफ्यात वाटा देण्याची त्याची तयारी होती. जगदीशचंद्रांनी नकार दिला. ज्ञान सर्वांचे आहे, ते विकावयाचे नसते अशी त्यांची धारणा होती. भगिनी निवेदिता आणि सारा बुल या स्नेह्यांच्या आग्रहाखातर लहरी टिपणाऱ्या एका उपकरणासाठी अमेरिकेत अर्ज गेला आणि 1904 साली पेटंट मिळाले. त्यात गॅलिना या खनिजाचा उपयोग होता, आणि आजच्या सेमीकंडक्टर युगाचे ते एक आरंभीचे पेटंट मानले जाते. जगदीशचंद्रांनी त्यातून एक पैसाही मिळविला नाही. ते तसेच सोडून दिले.

इकडे मार्कोनी यांनी पेटंटे घेतली, कंपनी काढली, आणि डिसेंबर 1901 मध्ये अटलांटिकपलीकडून संदेश टिपल्याचे जाहीर केले. त्या वेळी वापरलेल्या पाऱ्याच्या ग्राहकाचे मूळ जगदीशचंद्रांच्या 1899 च्या निबंधात आहे असे एका अभ्यासकाने 1998 साली मांडले. ते सर्वांनाच मान्य नाही. 1909 चे नोबेल पारितोषिक मार्कोनी व ब्राउन यांना मिळाले.

आमच्या वर्गात हा प्रसंग निघाला तर बहुतेक जण म्हणतील की जगदीशचंद्रांना व्यवहार कळला नाही. पेटंट ही काही पापाची कमाई नव्हे, हेही खरे. वाय-फायच्याच एका तंत्रावरील पेटंटातून ऑस्ट्रेलियाच्या सरकारी संशोधन संस्थेने 40 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरांहून अधिक रक्कम मिळविली, आणि ती संशोधनाच्याही कामी आली. समुद्रावरील जहाजांवर बिनतारी यंत्रे बसवावयाची तर मार्कोनींसारखे भांडवल उभे करणारेही हवेतच.

तरीही जगदीशचंद्रांना अव्यवहारी म्हणणे मला पटत नाही. पैशाची किंमत ज्याला कळत नाही तो पगारासाठी तीन वर्षे अडून बसत नाही. कमी पगार नाकारणे आणि नफ्यातील वाटा नाकारणे या दोन गोष्टी वरवर परस्परविरोधी वाटतात, पण त्यांचे मूळ एकच आहे. माणसाची किंमत त्याच्या कातडीवरून ठरवू देणार नाही, आणि ज्ञानाची किंमत बाजाराला ठरवू देणार नाही, असा तो स्वाभिमान होता. ज्यावर आपला हक्क होता ते त्यांनी शेवटच्या पैपर्यंत घेतले. जे सर्वांचे आहे असे वाटले ते सोडले.

पुढील आयुष्य त्यांनी वनस्पतींच्या अभ्यासाला वाहिले. 30 नोव्हेंबर 1917 रोजी, आपल्या वाढदिवशी, त्यांनी कलकत्त्यात बोस विज्ञान मंदिर स्थापन केले, आणि तेथील शोधांवर पेटंट घ्यावयाचे नाही असे उद्घाटनाच्या वेळीच जाहीर केले. 1920 साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. 23 नोव्हेंबर 1937 रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी जुलैमध्ये मार्कोनीही निवर्तले होते.

हिशेबशास्त्रात ख्याती ही मालमत्ता मानतात, पण ती विकत घेतलेली असेल तरच ताळेबंदात दाखविता येते. स्वतः कमावलेल्या ख्यातीला तेथे रकाना नाही. जगदीशचंद्रांची मिळकत त्या दुसऱ्या प्रकारची. 2012 साली विद्युत अभियंत्यांच्या जागतिक संस्थेने त्यांच्या आखूड लहरींच्या प्रयोगांना ऐतिहासिक टप्पा म्हणून मान्यता दिली. नोंद झाली ती एका शतकाहून अधिक काळाने. जमा मात्र केव्हाच झालेली होती.