नटश्रेष्ठ केशवराव दाते

ज्या काळी मराठी नटाची थोरवी बहुधा त्याच्या गळ्यावरून ठरत असे, त्या काळी केवळ गद्य वाणीच्या बळावर रसिकांची मने जिंकणाऱ्या मोजक्या नटांत केशवराव दाते यांची गणना होते.

त्यांचा जन्म १८८९ साली रत्नागिरी जिल्ह्यातील आडिवरे या गावी झाला. १९०७ साली ते महाराष्ट्र नाटक मंडळीत दाखल झाले. ही मंडळी गद्य नाटकांसाठी नावाजलेली होती. त्या काळी स्त्रिया अशा मंडळ्यांतून काम करीत नसत. म्हणून तरुण केशवरावांच्या वाट्याला आरंभी स्त्री-भूमिकाच आल्या. पुढे १९३३ साली नाट्यमन्वंतर या संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात त्यांनी काम केले. त्यात स्त्री-भूमिका स्त्रियांनीच केल्या होत्या.

१९३२ साली मराठी बोलपट अवतरला आणि नाटकमंडळ्यांना उतरती कळा लागली. केशवराव प्रभात कंपनीत आले. नाटकगृहात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवावा लागतो. कॅमेऱ्यापुढे पापणीची हालचालही पुरते. ऐन पंचेचाळिशीत त्यांनी ही नवी विद्या आत्मसात केली. ‘अमृतमंथन’ (१९३४) मधील क्रूर राजगुरू त्यांनी साकारला.

त्यांच्या कलेची खरी कसोटी लागली ती व्ही. शांताराम यांच्या ‘कुंकू’ (१९३७) या बोलपटात. आपल्या मुलीच्या वयाच्या नीरेशी लग्न करणाऱ्या वृद्ध वकिलाची, काकासाहेबांची, ही भूमिका होती. प्रेक्षकांची सहानुभूती शांता आपटे यांच्या नीरेकडे जाणार, हे उघडच होते. शिवाय या बोलपटात पार्श्वसंगीताचाही आधार नव्हता. तरीही केशवरावांनी त्या वृद्धाला खलपुरुष होऊ दिले नाही. आपल्या हातून अन्याय घडला, ही जाणीव त्याला हळूहळू कशी पोखरते, ते त्यांनी दाखविले. त्यामुळे जरठविवाहाविषयी चीड निर्माण होते, पण त्या माणसाची कीवही येते. ‘शेजारी’ (१९४१) मध्ये मुसलमान मित्राला दुरावणारा जीवबाही त्यांनी असाच जिवंत केला.

१३ सप्टेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. विद्यार्थी मित्रहो, नायक होऊन टाळ्या मिळविणे अनेकांना साधते. परंतु चुकलेल्या माणसाचे मन समजून घेऊन ते लोकांपुढे उघडे करणे, यास मोठी कला आणि त्याहून मोठे अंतःकरण लागते. केशवरावांपाशी ही दोन्ही होती.