टाटा हॉस्पिटल अणुऊर्जा विभागाकडे का? डॉ. होमी भाभांचा दूरदर्शी विचार

नायगावातून कॅन्सरच्या रुग्णाला मुंबईला पाठवायची वेळ आली की नातेवाईक विचारतात, "टाटा हॉस्पिटल म्हणजे खासगी ना? खर्च किती येईल?" तुमचाही असाच समज असेल, तर हे जरूर वाचा. हे हॉस्पिटल १९६२ पासून केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. आरोग्य मंत्रालयाकडे का नाही? उत्तर होमी भाभांच्या आयुष्यात सापडते.

भाभा कोण होते?

३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. केंब्रिजला इंजिनिअरिंग शिकायला गेले आणि भौतिकशास्त्राकडे वळले. १९३९ मध्ये सुट्टीवर भारतात आले, महायुद्ध सुरू झाले आणि ते इथेच राहिले. १९४५ मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभारली. पुढे १९४८ मध्ये ते अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. ट्रॉम्बेची 'अप्सरा' ही अणुभट्टी १९५६ मध्ये सुरू झाली.

कॅन्सरशी त्यांचे घरचे नाते होते. त्यांच्या आत्या मेहेरबाई, म्हणजे सर दोराबजी टाटांच्या पत्नी, १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. दोराबजींच्या नावाच्या ट्रस्टने १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू केले.

निर्णय काय होता?

१९५७ मध्ये आरोग्य मंत्रालयाने हे हॉस्पिटल तात्पुरते ताब्यात घेतले. कॅन्सरच्या निदानात आणि उपचारात किरणोत्साराला मोठे महत्त्व येणार, हे भाभा आणि जे. आर. डी. टाटांनी ओळखले होते. किरणोत्साराचे ज्ञान आणि त्यातले तज्ज्ञ अणुऊर्जा विभागाकडे होते. १९६२ मध्ये हॉस्पिटल त्या विभागाकडे गेले. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँजवळच्या विमान अपघातात भाभा गेले. त्याच वर्षी हॉस्पिटल आणि कॅन्सर संशोधन संस्था एकत्र येऊन टाटा मेमोरियल सेंटर झाले.

माझ्या मते निर्णय योग्य होता. महागडी, अवघड सेवा ज्याला ती नीट कळते त्याच्याच हाती असावी. पण त्याची दुसरी बाजू आपण मराठवाड्यातले लोक भोगतो: रात्रभराचा रेल्वेप्रवास, राहण्याची अडचण, बुडालेली मजुरी. म्हणून मोठे उपचार मोठ्या केंद्रात आणि तपासणी गावाजवळ, अशी विभागणी हवी. २०१२ मध्ये याच विभागाच्या मदतीने सुरू झालेले नॅशनल कॅन्सर ग्रिड देशभरातली केंद्रे जोडते, ते याच दिशेने.

तुम्ही काय करावे?

- तीन आठवड्यांत न भरणारी तोंडातली जखम, स्तनातली गाठ, पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव अंगावर काढू नका.
- वयाच्या तिशीनंतर जवळच्या आरोग्य केंद्रात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्या.
- मुंबईला निघण्याआधी नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा आणि सगळे रिपोर्ट सोबत ठेवा.