रोग्याच्या खाटेजवळचा डॉक्टर : थॉमस सिडनहॅम

सतराव्या शतकातील लंडनमध्ये ज्याला देवी येत, त्याला देवींइतकीच उपचारांची धास्ती वाटावी अशी स्थिती होती. विष घामावाटे बाहेर पडावे म्हणून खिडक्या बंद करीत, खोलीत विस्तव धगधगता ठेवीत, अंगावर कांबळ्यांचे थर चढवीत आणि उष्ण औषधे पाजीत. आधीच तापाने होरपळणारा रोगी त्यात भाजून निघे. याविरुद्ध उभा राहिला थॉमस सिडनहॅम.

त्याचा जन्म १६२४ साली डॉर्सेट परगण्यात झाला. ऑक्सफर्डचे शिक्षण यादवी युद्धाने मोडले. तो पार्लमेंटच्या बाजूने लढला व १६४८ मध्ये वैद्यकाचा पदवीधर झाला. पुस्तकी वैद्यकावर त्याचा विश्वास नव्हता. काय वाचावे, असे एका होतकरू डॉक्टरने विचारले, तेव्हा त्याने 'डॉन क्विक्झोट' ही कादंबरी सुचविली म्हणतात!

त्याची खरी शाळा रोग्याची खाट. देवीच्या रोग्याला तो हलके पांघरूण, मोकळी हवा आणि सौम्य बिअर देई. देवीने गरिबांपेक्षा श्रीमंत अधिक दगावतात, कारण त्यांना उपचार परवडतात, हे त्याचे निरीक्षण व्यवसायबंधूंना झोंबणारेच होते. लंडनच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्सने त्याला १६६३ मध्ये परवाना दिला, पण फेलो कधीच केले नाही.

१६७० च्या गोवराची हकीगत तर व्यापाऱ्याच्या रोजकीर्दीसारखी आहे. साथ जानेवारीत आली, मार्चपर्यंत चढली, जुलैत संपली. आधी ताप, शिंका, डोळ्यांना पाणी. चौथ्या दिवसाच्या सुमारास कपाळावर व चेहऱ्यावर पुरळ. देवीत पुरळ उठल्यावर ताप उतरतो, गोवरात खोकला व ताप चालूच राहतात. आणि पुरळ मावळल्यावर छातीचा विकार मुलांना नेतो, हे त्याने टिपले. विषाणू ही कल्पनाही तेव्हा नव्हती. आजही गोवराच्या विषाणूवर खास औषध नाही. पाणी, आहार, 'अ' जीवनसत्त्व द्यावयाचे आणि श्वासावर लक्ष ठेवावयाचे.

रक्त काढण्याची जुनी रीत मात्र त्याने सोडली नाही. गोवरानंतरच्या छातीच्या विकारात तो लहान मुलांचेही रक्त काढी. १६६५ च्या प्लेगमध्ये तो कुटुंबासह लंडन सोडून गेला, हेही लपविण्यात अर्थ नाही.

तत्त्वज्ञ जॉन लॉक त्याच्याबरोबर रोगी पाहावयास जाई. पुढे संधिवाताने त्याला ग्रासले, तेव्हा त्याने स्वतःचेच दुखणे न्याहाळून १६८३ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. २९ डिसेंबर १६८९ रोजी लंडनमध्ये तो वारला.