गॅरी किल्डॉल : बूट होण्याआधीचा माणूस

सबमिशनच्या आदल्या रात्री पीसी बंद पडणे हा आपल्या हॉस्टेलचा सनातन सण आहे. बटण दाबलं की पंखा फिरतो, काळ्या स्क्रीनवर दोन ओळी येतात आणि गाडी तिथेच थांबते. मग शेजारच्या रूममधला एखादा 'एक्स्पर्ट' येतो, बायोसमध्ये शिरतो, पेन ड्राइव्हवरून मशीन चालू करतो आणि सी ड्राइव्हमधला प्रोजेक्ट रिपोर्ट सहीसलामत बाहेर काढून देतो. या सगळ्या खटाटोपात आपण ज्याचे शब्द वापरतो आणि ज्याच्या युक्तीवर तरतो, त्या माणसाचं नाव मात्र व्हायवाला विचारलं तर निम्मा वर्ग छताकडे बघेल. तो माणूस म्हणजे गॅरी किल्डॉल.

गॅरीचा जन्म १९ मे १९४२ चा, अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलचा. घरची शाळा होती, पण ती जहाज हाकायला शिकवणारी! आजोबांपासून चालत आलेल्या या नौकानयन शाळेत गॅरीनेही काही काळ शिकवलं. त्याला व्हायचं होतं गणिताचा मास्तर. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये तो गणितासाठी गेला आणि तिथल्या कॉम्प्युटरने त्याला गिळलं. सक्तीच्या लष्करी सेवेची वेळ आली तेव्हा नौदलाने त्याला कॅलिफोर्नियात माँटेरेच्या पदव्युत्तर शाळेत शिकवायला पाठवलं. १९७२ मध्ये पीएचडी झाली. कंपायलर शिकताना 'डेटा फ्लो अ‍ॅनालिसिस' नावाचं जे प्रकरण आपल्याला रडवतं, त्याच्या मुळाशी याच गॅरीचा १९७३ चा पेपर आहे.

त्याच सुमारास इंटेलची ४००४ ही चिप त्याच्या हातात पडली. तिच्यासाठी प्रोग्रॅम लिहिता लिहिता तो इंटेलचा सल्लागार झाला आणि त्यांच्यासाठी त्याने पीएल/एम ही भाषा तयार केली. पण प्रोग्रॅम ठेवायचा कुठे? छोट्या मशीनवर तेव्हा कागदाच्या पट्टीला भोकं पाडून प्रोग्रॅम भरत. पट्टी फाटली की संपलं! गॅरीला एक वापरलेला ८ इंची फ्लॉपी ड्राइव्ह मिळाला. ड्राइव्ह होता, पण तो मायक्रोप्रोसेसरला जोडणारी सर्किट त्याला जमेना. शेवटी जॉन टोरोड या मित्राने कंट्रोलर बांधून दिला. १९७४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्ह या गावी, गॅरीच्या घरामागच्या अवजारांच्या खोपटात, ते मशीन फ्लॉपीवरून सुरू झालं. त्यावर चाललेल्या सिस्टिमचं नाव सीपी/एम.

आता जरा तांत्रिक बोलू, कारण खरी गंमत इथे आहे. त्या फ्लॉपीवर ७७ ट्रॅक, प्रत्येकात १२८ बाइटचे २६ सेक्टर, म्हणजे सगळी मिळून साधारण २५० केबी. गॅरीने पहिले दोन ट्रॅक सिस्टिमसाठी राखून ठेवले आणि फाइली बाकीच्यांवर. त्यामुळे पहिले ट्रॅक खराब होऊन मशीन सुरू झालं नाही तरी फाइली जागच्या जागी असत. दुसरी चांगली फ्लॉपी 'ए'मध्ये घाला, मशीन चालू करा, रुसलेली फ्लॉपी 'बी'मध्ये घाला, फाइली काढून घ्या. मग सिसजेन ही कमांड चालवा, ती फाइलींना धक्का न लावता फक्त सिस्टिमचे ट्रॅक पुन्हा लिहिते. आपला पेन ड्राइव्हवाला एक्स्पर्ट दुसरं काय करतो? (ए आणि बी फ्लॉपीत खर्ची पडले म्हणून हार्ड डिस्कच्या वाट्याला सी आलं, ते आजतागायत.)

दुसरी गोष्ट डिलीटची. तेव्हाच्या कोऱ्या फ्लॉपीवर सगळीकडे ई५ हा बाइट भरलेला असे. म्हणून डिरेक्टरीतल्या नोंदीचा पहिला बाइट ई५ असेल तर जागा रिकामी, असं सीपी/एमने धरलं. फाइल पुसायची म्हणजे तेवढा एक बाइट ई५ करायचा, बस! नाव तसंच, ब्लॉकची यादी तशीच, मजकूरही तसाच. तो बाइट पूर्ववत केला की फाइल परत! पुढे डॉसने हाच ई५ उचलला. फक्त तिथे फाइल पुसताना क्लस्टरची साखळीही पुसली जाते, म्हणून सलग लिहिलेली फाइल चांगली परत मिळते आणि विखुरलेली अर्धीमुर्धी. मेमरी कार्डवरचे फोटो चुकून उडाले तर त्यावर नवीन काही लिहू नका असं सांगतात ते याचसाठी. एसएसडीवर मात्र हा भरवसा धरू नका, तिथे ट्रिममुळे पुसलेला मजकूर लवकरच खरोखर जातो.

आणि बायोस! सीपी/एम विकत घेणाऱ्या प्रत्येक कंपनीचं हार्डवेअर वेगळं. दरवेळी सगळी सिस्टिम बदलण्यापेक्षा गॅरीने हार्डवेअरशी बोलणारा भाग वेगळा काढला आणि त्याला बायोस नाव दिलं. तेवढा बदला, बाकी सगळं तसंच. त्याचा बायोस फ्लॉपीवरून येई, आयबीएम पीसीत तो रॉममध्ये गेला. आता यूईएफआय आलं, तरी आपण म्हणतो 'बायोसमध्ये जा'च.

इंटेलला त्याने सीपी/एम देऊ केलं होतं, त्यांनी नाही म्हटलं. मग गॅरी आणि त्याची बायको डोरोथी यांनी स्वतःच कंपनी काढली. सुरुवातीचं नाव 'इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च'! (इंजिनिअरच असं नाव ठेवू शकतो.) थोड्या वर्षांत शेकडो कंपन्यांच्या मशीनवर सीपी/एम चालू लागलं.

१९८० मध्ये आयबीएमची माणसं पॅसिफिक ग्रोव्हला आली. सकाळी गॅरी स्वतःचं विमान घेऊन दुसऱ्या कामाला गेला होता. गुप्ततेच्या एकतर्फी करारावर सही करायला डोरोथी आणि वकील तयार झाले नाहीत. पुढे बोलणी फिसकटली, आयबीएम मायक्रोसॉफ्टकडे गेली आणि मायक्रोसॉफ्टने टिम पॅटरसनने लिहिलेली, सीपी/एमच्याच वळणाची सिस्टिम घेतली. गॅरीने हरकत घेतल्यावर आयबीएमने सीपी/एम-८६ सुद्धा विकायला ठेवलं, पण २४० डॉलरला. शेजारी डॉस ४० डॉलरला. कोण काय घेणार, सांगायला नको. गॅरी विमान उडवत बसला म्हणून संधी हुकली, ही कथा मात्र आयुष्यभर त्याच्या मागे लागली. मला ती अन्यायाची वाटते. भांडण कराराच्या अटींचं होतं, विमानाचं नाही.

गॅरी गरीब राहिला असंही नाही. टीव्हीवर 'कॉम्प्युटर क्रॉनिकल्स'मध्ये तो वर्षानुवर्षं दिसत होता. १९८५ मध्ये त्याच्या दुसऱ्या कंपनीने अख्खा ज्ञानकोश सीडीवर आणला. १९९१ मध्ये डिजिटल रिसर्च नॉव्हेलला विकली, त्याच वर्षी आलेल्या डीआर डॉस ६ मध्ये पुसलेली फाइल परत आणणारी अनडिलीट कमांड होती. पण मन लागत नव्हतं. १९९२ मध्ये त्याच्याच विद्यापीठाच्या कॉम्प्युटर विभागाच्या समारंभात मुख्य पाहुणा होता बिल गेट्स. ते त्याला फार लागलं. दारू वाढली. जुलै १९९४ मध्ये माँटेरेच्या एका बारमध्ये त्याच्या डोक्याला मार लागला. नेमकं काय घडलं याचा उलगडा झाला नाही. ११ जुलैला तो गेला, वय ५२.

२०१४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्हमध्ये आयईईईने स्मृतिफलक बसवला. मरण्याआधी त्याने आत्मचरित्र लिहून ठेवलं होतं. त्याचा पहिला भाग मुलांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. उरलेल्या भागावर त्याच्या आजारपणाची सावली आहे, म्हणून तो त्यांनी बाहेर काढला नाही.