प्रवासी अफनासी निकितीन

वास्को द गामा १४९८ सालीं कालिकतास उतरला, हें प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असतें. परंतु त्याच्या पंचवीसांहून अधिक वर्षें आधीं एक रशियन व्यापारी घोडा घेऊन आपल्या चौल बंदरांत उतरला होता, त्याचें नांव आम्हांपैकीं कितीकांस ठाऊक आहे?

निकितीन हा त्वेर शहरचा. व्होल्गेच्या मुखाशीं लुटारूंनीं त्याचा माल व धर्मग्रंथही नेले. रिकाम्या हातीं परतणें त्यास बरें वाटेना, म्हणून तो इराणमार्गें ओर्मुझास आला व तेथून गलबतानें इकडे निघाला. दक्षिणेंत परदेशी घोड्यांस मोठा भाव येई.

जुन्नरास असदखान नांवाच्या अंमलदारानें तो घोडाच हिरावला. मुसलमान झाल्यास घोडा परत व वर हजार मोहरा. नाहीं तर घोडा गेला आणि तितकाच दंडही. मुदत चार दिवसांची. सारें भांडवल तेंच, पण निकितीन बधला नाहीं. अखेर खुरासानच्या ख्वाजा महंमद ह्या मुसलमान गृहस्थानेंच रदबदली करून त्यास सोडविलें, हें आम्हांस विशेष वाटतें.

पुढें बेदरास घोडा विकला. तेथें महमूद गवान वजीर होता. आपला सोलापूरचा मुलूखही तेव्हां बहामनींचाच. सरदारांचें वैभव व रयतेचें दारिद्र्य, दोन्ही त्यानें वहींत टिपलीं. ग्रंथ गेल्यामुळें ईस्टरचा सण त्यास अंदाजानें पाळावा लागे; ती टोंचणी वहींत वरचेवर दिसते.

दाभोळहून तो परत फिरला, काळा समुद्रही ओलांडला, परंतु स्मोलेन्स्कास पोंचण्यापूर्वींच वारला. वही मात्र १४७५ सालीं मॉस्कोस गेली. झारशाहींत करमझीन ह्या इतिहासकारास तिची प्रत एका मठांत आढळली व १८१८ सालीं त्याच्या ग्रंथांतून निकितीनचें नांव रशियन लोकांस कळलें.