पी. आर. पिशारोटी

पिशारोथ रामा पिशारोटी (१० फेब्रुवारी १९०९, कोल्लेंगोड, केरळ – २४ सप्टेंबर २००२, पुणे) हे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ व हवामानशास्त्रज्ञ होते. भारतातील दूरसंवेदनाचे जनक म्हणून ते ओळखले जातात.

जीवन

मद्रास विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतल्यावर त्यांनी काही काळ अध्यापन केले. सुट्ट्यांमध्ये ते बंगळूर येथे सी. व्ही. रामन यांच्याकडे संशोधन करीत. १९४२ मध्ये ते भारतीय हवामान खात्यात रुजू झाले. १९५४ मध्ये त्यांना लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. १९५९ मध्ये ते कुलाबा व अलिबाग येथील भूचुंबकीय वेधशाळांचे संचालक झाले, तर १९६२ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे पहिले संचालक. १९६७ मध्ये निवृत्त झाल्यावर विक्रम साराभाई यांच्या आमंत्रणावरून ते अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत गेले.

नारळबागांची पाहणी

केरळमधील नारळाच्या झाडांना मुळांशी निगडित मर रोगाने ग्रासले होते. हा रोग झाडाला लगेच मारीत नाही. वर्षानुवर्षे उत्पन्न घटवीत राहतो. १९७० च्या सुमारास पिशारोटी यांच्या नेतृत्वाखाली हेलिकॉप्टरमधून अवरक्त रंगीत फिल्मवर या बागांची छायाचित्रे घेण्यात आली. निरोगी पाने अवरक्त किरण अधिक परावर्तित करीत असल्याने रोगट झाडे छायाचित्रांत वेगळी ओळखता आली. भारतातील दूरसंवेदनाचा प्रारंभ या प्रयोगापासून मानला जातो.

सूक्ष्मतरंग संवेदन

अवरक्त छायाचित्रणाला ढगांचा अडथळा होतो. मेळघाटातील सेमाडोहसारख्या वनप्रदेशावर किंवा वऱ्हाडातील कपाशी, तूर व सोयाबीनच्या शेतांवर पावसाळ्यात आभाळ दाटलेले असते आणि खरिपाची वाढ नेमकी याच काळात होते. सूक्ष्मतरंग ढगांतून पार जातात व त्यांना सूर्यप्रकाशाची गरज नसते. पाने, खोड व माती यांतील पाण्याच्या प्रमाणानुसार रडारकडे परतणारा संकेत बदलतो. त्यावरून पिकाची वाढ व ओलावा यांचा अंदाज घेता येतो. मात्र मातीचा ओलावा व पिकातील पाणी यांचे परिणाम संकेतात मिसळत असल्याने शेतातील प्रत्यक्ष मोजणीची जोड आवश्यक ठरते. ७ जून १९७९ रोजी सोडलेल्या भास्कर-१ उपग्रहावर सूक्ष्मतरंग विकिरणमापक होता. २६ एप्रिल २०१२ रोजी सोडलेल्या रिसॅट-१ मुळे भारतीय बनावटीच्या रडारने पिकांची पाहणी शक्य झाली.

सन्मान

१९७० मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री प्रदान केली. १९८९ मध्ये त्यांना जागतिक हवामान संघटनेचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला.